दुधाच्या दाढा आणि घरातील समज
दुधाचे दात पडणारच, मग त्यांच्यावर खर्च कशाला, असे घरात म्हटले जाते; त्याबद्दल लिहितो. दुधाच्या दाढा साधारण १० ते १२ वर्षे वयापर्यंत तोंडात असतात. शिवाय सहाव्या वर्षाच्या सुमारास त्यांच्या मागे, एकही दात न पडता, पहिली कायमची दाढ येते आणि अनेक घरांत तीही दुधाचीच समजून किडू दिली जाते. शालेय शिक्षणाचा येथे फारसा उपयोग होत नाही, कारण पदवीधर पालकही टूथपेस्टच्या वेष्टनावर, दात किडण्यापासून वाचवणाऱ्या फ्लोराइडचे प्रमाण क्वचितच पाहतात, आणि दिवसभर नातवंडे सांभाळणाऱ्या आजीला ती बारीक इंग्रजी अक्षरे कोणी वाचून दाखवत नाही. तीन वर्षांखालील मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट पुरते, हे मात्र तिला एकदा दाखवले की कळते. दात किडवणारी झोपतानाची दुधाची बाटली सोडवणे त्याहून पुष्कळ अवघड.