डबा जुना, पण पान कोणते?
पाइपची तंबाखू जितकी जुनी तितकी गोड, असे म्हणतात. व्हर्जिनिया जातीच्या तंबाखूच्या पानापुरते ते मान्य, कारण त्यात मुळातच साखर भरपूर असते, परंतु धुरावर सुकवलेल्या लाटाकिया तंबाखूचा दरवळ वर्षांगणिक मंदावत जातो. गेल्या उन्हाळ्यात सांगलीला मामांच्या कपाटातला २००८ सालचा व्हर्जिनियाचा सीलबंद डबा उघडला, तेव्हा काळपटलेल्या चपट्या तुकड्यांवर पांढरे कण दिसले आणि बुरशी समजून मामा तो फेकायलाच निघाले. भिंगातून पाहता ते चमकदार स्फटिक निघाले. बुरशी तंतुमय असते व तिला कुबट वास येतो, इथे वास होता बेदाण्याचा आणि काकवीचा. तासभर कागदावर पसरून मग पाइप भरला. पहिले दोन झुरके किंचित आंबूस लागले, पुढे गोडवा उतरला आणि जीभ मुळीच चरचरली नाही. (मामींनी मात्र आम्हा दोघांना अंगणात पिटाळले.)