संगमनेरी शेळी प्रदर्शनात उतरवायचीय, तयारी काय करू?

माळरान: पुढच्या महिन्यात तालुक्याच्या पशुप्रदर्शनात आमची संगमनेरी उतरवायचा विचार आहे, दुसऱ्या वेताची, दूध चांगलं देते पण गर्दी दिसली की नुसती ओढाओढ. नोंदणीला काय मागतात अन् परीक्षक बघतात काय?

शेळीवाला_नगर: कानात १२ आकडी बिल्ला आहे का? नसेल तर दवाखान्यात जाऊन आधी मारून घ्या. पीपीआरची (शेळ्या-मेंढ्यांचा साथीचा रोग) लस झाली नसेल तर आत्ताच टोचा, आदल्या दिवशी टोचून उपयोग नाही, प्रतिकारशक्ती यायला दोन-तीन आठवडे जातात. वय दातांवरून धरतात, मग कास. दोन्ही सड सारखे पाहिजेत अन् धार काढल्यावर कास मऊ पडली पाहिजे, नुसती मांसल असेल तर हात लावताच कळतं.

पारनेरची_ताई: कास टम्म दिसावी म्हणून काहीजण आदल्या दिवसापासून धारच काढत नाहीत, तसलं करू नका हो, दगडी (कासेला सूज) व्हायची भीती. रोज संध्याकाळी दाव्याला धरून गल्लीतनं फिरवा, पोरांना हात लावू द्या, आपोआप बुजायची थांबेल.

माळरान: बिल्ला आहे. उस्मानाबादी बोकड पण नेऊ का?

शेळीवाला_नगर: न्या की, पण लांब बांधा. अन् परत आल्यावर दोघांना लगेच कळपात सोडू नका, तीनेक आठवडे वेगळंच ठेवा.