अनुभव धागा: ठाणे-नवी मुंबईत फॅमिली डॉक्टरांचा नंबर वेळेत कसा लागेल?

नौपाड्यापासून घणसोलीपर्यंत दवाखाने भरपूर आहेत, तरी संध्याकाळी सात ते नऊ बाकावर जागा नसते. दवाखाना, मेडिकल, सोसायटी यांचं काम जवळून माहीत असलेल्यांनी लिहावं. तक्रारी नकोत, जमणारे उपाय हवेत.

नौपाडा_रिसेप्शन
तीन तासांची ओपीडी, एका पेशंटला 10 मिनिटं, म्हणजे 18 नंबर. अठराही आगाऊ दिले की घडी विस्कटलीच, कारण तापाचं पोर नंबर लावून आजारी पडत नाही. 12 आगाऊ द्या, 6 त्याच दिवसासाठी राखा. सोमवारी आणि पावसाळ्यात निम्मे नंबर राखा. राखीव नंबर शेवटी ढकलू नका, दर दोन नंबरांमागे एक सोडा. फोन, व्हॉट्सॲप, दारात आलेला माणूस, सगळ्यांची नोंद एकाच वहीत, पेन्सिलीने. दोन वह्या झाल्या की 7.20 ला दोघं हजर होतात आणि बोलणी कंपाउंडर खातो. नावापुढे कारण लिहाच: 'रिपोर्ट', 'टाके', 'नवीन चक्कर'. रिपोर्टला चार मिनिटं पुरतात, नव्या चक्करेला वीसही कमी पडतात. छातीत दाब किंवा तोंड वाकडं झाल्याचा फोन आला तर नंबर द्यायचाच नाही, थेट 108 सांगायचं.

ऐरोली_मेडिकल
बीपी-शुगरवाल्यांनी शेवटची पट्टी उघडली की त्याच दिवशी नंबर लावावा. गोळी संपल्यावर येणाऱ्यांनीच सोमवार भरतो. एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची रक्ततपासणी) दोन दिवस आधी करून घ्या, नाहीतर एकाच तपासणीला दोन फेऱ्या होतात.

डॉक्टर_वाशी
प्रत्येक फेरी प्रत्यक्ष हवी असं नाही. 2020 च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनुसार त्याच आजारासाठी त्याच डॉक्टरांनी सहा महिन्यांत प्रत्यक्ष तपासलं असेल, तर फोनवरचा सल्ला फॉलोअप धरला जातो. घरच्या बीपीचे आठवडाभराचे आकडे, चालू गोळ्यांची नावं आणि डोस आधी पाठवा. शेड्यूल एक्स (कडक नियंत्रणातल्या औषधांची यादी) आणि अमली पदार्थांच्या कायद्यातली औषधं मात्र फोनवर लिहून देता येत नाहीत. त्यासाठी कंपाउंडरला गळ घालू नये. आणि फोनच्या सल्ल्यालाही फी असते, ती द्यावी.

कोपरखैरणे_सोसायटी
दवाखान्याने दर पाच पेशंटनंतर 'आता 9 नंबर आत' एवढा मेसेज टाकला, तरी गुडघेदुखीवाली माणसं घरी बसू शकतात. सरकारी किंवा पालिकेच्या ओपीडीत आभाचा (केंद्र सरकारच्या डिजिटल आरोग्य खात्याचा) क्यूआर कोड लावलेला असेल तर आधी ॲप उघडून 14 अंकी आभा क्रमांक तयार ठेवा. कोड स्कॅन करून माहिती शेअर केली की टोकन मिळतं, नाव-वय-पत्ता खिडकीवर सांगत बसावं लागत नाही.

माजिवडा_56
ताई, राखीव नंबर रिकामे गेले तर?

नौपाडा_रिसेप्शन
दादा, वहीच्या मागच्या पानावर 'लवकर मिळाला तर येतो' म्हणणाऱ्यांची यादी ठेवायची. त्यात पंधरा मिनिटांत पोहोचतील तेवढेच घ्या. घोडबंदरचा माणूस संध्याकाळी सातला वेळेत पोहोचत नाही.