तारखांच्या रेंजसाठी रेजेक्स लावणं खरंच चूक आहे का?

सिंहगडरोडवाला:
मी टिडलीविकीत (ब्राउझरमध्ये चालणारी नोंदवही) रोजच्या नोंदी ठेवतो, पाऊस, नदीचं पाणी, सोसायटीची कामं असं सगळं. मला २५ जुलै २०२४ ते ५ ऑगस्टच्या नोंदी एकत्र हव्या होत्या, म्हणजे पुण्यात सिंहगड रोडच्या एकतानगरीत पुराचं पाणी शिरलं तेव्हापासूनच्या. नोंद कधी बनली ते क्रिएटेड फील्डमध्ये आपोआप पडतं, त्यात वर्ष, महिना, दिवस, मग वेळ असे सलग १७ आकडे असतात, म्हणून मी सरळ रेजेक्स, म्हणजे अक्षरांचा नमुना जुळवून शोधणारा पॅटर्न, लावला (अंक अर्थात इंग्रजी टाकायचे):
^२०२४(०७(२[५-९]|३[०१])|०८०[१-५])
एका ओळीत काम झालं. ऑफिसातला मित्र म्हणतो ही पद्धतच चूक. मला नाही पटत. तारीख शेवटी आकड्यांचा मजकूरच आहे, आणि हाच पॅटर्न मी उद्या ग्रेपमध्येही (फायलींत मजकूर शोधणारी कमांड) चालवू शकतो.

पेठेतला_कोडर:
मित्राचं बरोबर आहे. रेजेक्सला आधी-नंतर कळत नाही हो, त्याला फक्त अक्षरं दिसतात. २८ डिसेंबर ते ३ जानेवारी अशी रेंज लिहून बघा, वर्षासकट दोन तुकडे करावे लागतील, आणि सहा महिन्यांनी ती ओळ बघून तुम्हालाच उलगडणार नाही की कधीपासून कधीपर्यंत. टिडलीविकीत दोन तारखांची तुलना करणारा कंपेअर ऑपरेटर त्यासाठीच दिलाय, दोन टोकं द्या आणि मोकळे व्हा.

सिंहगडरोडवाला:
तुमच्या कंपेअरला शेवट म्हणून नुसतं २०२४०८०५ दिलं तर तो त्या दिवसाची सुरुवात धरतो, मग ५ तारखेच्या जवळजवळ सगळ्या नोंदी गळतात. माझ्या रेजेक्समध्ये गळत नाहीत.

वेताळटेकडी:
अहो थांबा, दोघांचंही चुकतंय. ते क्रिएटेड फील्ड यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असतं, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. २५ जुलैला पहाटे साडेचारला लिहिलेल्या नोंदीवर २४ जुलै २३:०० असा शिक्का बसतो. मी सकाळी पाचला टेकडीवर पक्षी बघायला जाते आणि तिथेच मोबाईलवर लिहिते, माझी महिन्याच्या पहिल्या तारखेची नोंद कायम मागच्या महिन्यात जाऊन बसायची, कारण सापडेपर्यंत फार डोकं खाल्लं त्याने.

सिंहगडरोडवाला:
आत्ता तपासलं. पाणी पार्किंगपर्यंत आलं ती पहाटेची नोंद माझ्या यादीत नाहीये, आणि नेमकी तीच सगळ्यात महत्त्वाची होती. धन्यवाद ताई.

पेठेतला_कोडर:
मग आता तुम्हीच सांगा, २४ जुलै १८:३० नंतरचं सगळं ते ५ ऑगस्ट १८:३० च्या आधीचं, हे रेजेक्समध्ये कसं बसवणार? बसेल, पण तास-मिनिटांचे कंस वाचता येणार नाहीत. कंपेअरमध्ये फक्त दोन आकडे बदलायचे. ५ तारखेच्या नोंदी गळतात हा तुमचा मुद्दा खरा आहे, पण शेवटाला वेळ दिली की तोही सुटतो.

सिंहगडरोडवाला:
क्रिएटेडसाठी मान्य, तिथे कंपेअरच. पण रेजेक्स मी सोडणार नाही. जर्नलच्या, म्हणजे तारखेचं शीर्षक आपोआप घेणाऱ्या रोजच्या नोंदीच्या, शीर्षकाचा फॉरमॅट कंट्रोल पॅनलमधून वर्ष-महिना-दिवस असा केला की शीर्षकात आपल्या घड्याळाची तारीख येते, यूटीसीची भानगडच नाही, आणि त्यावर माझा पॅटर्न मधे डॅश घालून नीट चालतो.

वेताळटेकडी:
चालेल, पण नोंद जर्नलच्या बटणानेच उघडली असेल तर. माझ्या नोंदींची शीर्षकं पक्ष्यांच्या नावांची आहेत, तिथे तारीख कुठून येणार? मी प्रत्येक नोंदीत दिनांक नावाचं वेगळं फील्ड हाताने भरते, आणि त्यावर कंपेअर लावते.