लेड-फ्रीवर जाताना जुना वेव्ह पॉट चालेल का?

कुडाळ_असेंब्ली
नमस्कार मंडळी. कुडाळ एमआयडीसीतल्या आमच्या युनिटमध्ये मच्छीमार बोटींच्या एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर (दिव्याला योग्य वीज पुरवणारे सर्किट) बनतात, सगळे ६३/३७ वर, म्हणजे ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसं असलेल्या सोल्डरवर. आता युरोपात माल द्यायचाय, म्हणजे शिसं ०.१ टक्क्याच्या आत हवं. वेव्हचा पॉट, म्हणजे वितळलेल्या सोल्डरची लाट उसळवून बोर्ड खालून जोडणाऱ्या मशीनचं भांडं, २०० किलोचा, साध्या स्टेनलेसचा. बाहेरून एसएसी३०५ (कथील-चांदी-तांब्याचं, शिसं नसलेलं सोल्डर) मध्ये करून घेतलेल्या नमुन्यांत ट्रान्सफॉर्मरच्या पायांची भोकं अर्धीच भरलीत, एसएमडी (बोर्डच्या पृष्ठभागावर बसणारे) कनेक्टर वाकलेत, जॉइंट निस्तेज दिसतात. पॉट रिकामा करून तोच वापरता येईल का? आणि पावसाळ्यात वेगळं काय सांभाळायचं?

खाडीकाठ
२०० किलोत ०.१ टक्का म्हणजे २०० ग्रॅम शिसं. पंपाच्या कोपऱ्यांत आणि नोझलच्या आत जुनं सोल्डर अर्धा किलो जरी चिकटून राहिलं, तरी जवळजवळ तेवढं शिसं आलंच. त्यामुळे नुसता रिकामा करून भागत नाही. शुद्ध कथील भरून, पंप फिरवून ते ओतून टाकावं लागतं आणि नवा माल भरल्यावर नमुना लॅबमध्ये तपासावा लागतो.

पण खरी अडचण पुढेच आहे. कथील ९६ टक्क्यांवर आणि तापमान २६० अंशांवर गेलं की ते स्टेनलेस खायला लागतं. आधी पंपाचा पंखा आणि नोझल झिजतात. विरघळलेलं लोखंड कथिलाशी मिळून सुयांसारखे कडक स्फटिक होतात. त्या तापमानाला ते वितळत नाहीत, वेव्हबरोबर वर येतात आणि दोन पायांमध्ये अडकून शॉर्ट करतात. टायटॅनियमचा किंवा ओतीव लोखंडाचा पॉट घ्या. जुन्यावर खर्च करूच नका.

रत्नागिरी_एसएमटी
निस्तेज, दाणेदार जॉइंट म्हणजे खराब जॉइंट नव्हे. एसएसी तसंच गोठतं. सोल्डर पॅडवर (बोर्डवरच्या तांब्याच्या ठिपक्यावर) नीट पसरलंय का आणि कडेला कोन कसा आहे, ते बघा. इन्स्पेक्शनच्या मुलींना चकाकी शोधायची सवय असते. ती मोडली नाही तर त्या चांगला जॉइंट पुन्हा तापवतात आणि पॅड उखडतं.

भोकं न भरण्याचं कारण बहुतेक प्रीहीट, म्हणजे वेव्हआधी बोर्ड कमी तापवणं. बोर्डची वरची बाजू ११० ते १३० अंशांना आली पाहिजे, वेव्हशी संपर्क ४-५ सेकंद. पॉटचं तापमान वाढवत नेऊ नका, त्याने भोकातलं तांबं विरघळतं. पाय ग्राउंड प्लेनला (बोर्डमधल्या तांब्याच्या मोठ्या थराला) थेट जोडलेला असेल तर लेआउटमध्ये थर्मल रिलीफ द्या, म्हणजे पॅड त्या थराला बारीक पट्ट्यांनीच जोडा, उष्णता पळत नाही.

कनेक्टर बहुधा पीबीटी प्लॅस्टिकचा. ते साधारण २२५ अंशांना वितळतं आणि रिफ्लोचा (पेस्ट लावलेले बोर्ड भट्टीत तापवून जोडण्याचा) पीक २३५ ते २५० असतो. जास्त उष्णता सोसणाऱ्या एलसीपी प्लॅस्टिकचा मागवा. थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) सर्वांत जड भागावर आणि सर्वांत नाजूक भागावर, दोन्हीकडे लावा.

कुडाळ_असेंब्ली
आभारी आहे. वेव्हलाही एसएसी३०५ च घ्यावं का? ३ टक्के चांदीमुळे २०० किलोचा भाव डोळे पांढरे करतो.

खाडीकाठ
वेव्हला कथील-तांबं-निकेल घ्या. २२७ अंशांना वितळतं, पॉट २६० ते २६५ वर चालवायचा. बोर्डवरचं तांबंही कमी खातं. तरी पॉटमधलं तांबं तपासत राहा. १ टक्क्याकडे गेलं की ब्रिज (दोन पायांना चुकून जोडणारं सोल्डर) वाढतात, मग तांबं नसलेलं सोल्डर टाकून ते खाली आणायचं.

रत्नागिरी_एसएमटी
आता पावसाळा. सोल्डर पेस्ट २ ते १० अंशांत ठेवा आणि फ्रिजमधून काढल्यावर ४ तास डबी उघडू नका. आपल्या हवेत थंड पेस्टवर लगेच पाणी धरतं, मग रिफ्लोत सोल्डरचे गोळे उडतात. बोर्डवर पेस्ट छापायच्या खोलीत आर्द्रता ४० ते ६० टक्के.

एमएसएल (ओल किती सोसते त्याची पातळी) ३ च्या आयसीला पाकीट उघडल्यावर १६८ तास मिळतात, पण ते ३० अंश आणि ६० टक्क्यांच्या खोलीत. जुलैत किनाऱ्यावर तो हिशोब लागू होत नाही. आयसींची उघडी रीळ ड्राय कॅबिनेटमध्येच (कोरड्या हवेच्या कपाटात) ठेवा. ओल धरलेली आयसी २५० अंशांना आतून फुगून तडकते. ओल घालवायला बेक करायची तर १२५ अंश फक्त ट्रेवरच्या आयसींना, प्लॅस्टिक रीळ त्यात टिकत नाही.

तुमचा माल बोटीवर जाणार, म्हणून फ्लक्सचा (सोल्डर नीट धरावं म्हणून लावलेल्या रसायनाचा) अवशेष सोडू नका. खारी दमट हवा लागली की ट्रॅकमध्ये गळती सुरू होते. धुवायला डीआय वॉटरच (क्षार काढलेलं पाणी) वापरा. किनाऱ्याजवळच्या विहिरींच्या पाण्यात मीठ असतं, त्याने धुणं न धुण्यापेक्षा वाईट. मग सुकवून कोटिंग. आणि रिफ्लोचा पट्टा यूपीएसवर घ्या, वीज गेली तर आतले बोर्ड बाहेर तरी येतील.