वंचक, ढोकरी की काणा बगळा?

कोपरी, ठाणे पूर्व

लेकीला पाचवीत 'परिसरातील पक्षी' असा प्रकल्प दिलाय. आमच्या इमारतीमागून नाला जातो, तो पुढे खाडीला मिळतो. त्या नाल्याच्या भिंतीवर रोज सकाळी एक मातकट, मान आखडून बसलेला बगळा दिसतो. मी सांगितलं म्हणून तिने 'वंचक' लिहिलं. बाईंनी लाल शाईने गोल करून 'बगळा लिहा' असा शेरा दिला. सासूबाई गुहागरकडच्या, त्या म्हणतात ही तर ढोकरी. आणि लेक विचारतेय, "वंचक म्हणजे फसवणारा ना? मग हा कोणाला फसवतो?"

यातलं योग्य नाव कोणतं? वंचक हा शब्द कुणाच्या घरात बोलला जातो का?

ऐरोली

ताई, लेकीने नेमकं विचारलंय. 'वञ्च्' या धातूपासून वंचक आला. वंचना, प्रवंचना, वंचित ही सगळी त्याची भावंडं. 'वंचित' आपण आता 'ज्याला मिळालं नाही तो' एवढ्याच अर्थाने वापरतो, पण मुळात तो 'फसवला गेलेला'.

गंमत पुढे आहे. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशात 'वञ्चक' सापडतो, पण तिथे तो बगळा नाही, कोल्हा आहे. 'शृगालवञ्चकक्रोष्टुफेरुफेरवजम्बुकाः' अशी ती ओळ. कोल्ह्याच्याच नावांत 'भूरिमाय' आणि 'मृगधूर्तक'ही येतात, म्हणजे लबाडीचा शिक्का आधी त्याच्यावर बसलेला. आमच्या ऐरोलीच्या कांदळवनात आजही कोल्हे आहेत. संधिप्रकाशात तिवरांमागून कोल्हेकुई ऐकू आली की मला हा शब्द हमखास आठवतो. जुना वंचक आणि नवा वंचक एकाच चिखलात राहतात.

आता तो कोणाला फसवतो? मागच्या रविवारी ओहोटीला बांधावरून चालत होतो. समोर ओल्या मातीचं एक ढेकूळ होतं. दहा पावलांवर गेलो तेव्हा ढेकळाला पिवळा डोळा दिसला. आणखी दोन पावलं टाकली, तसा तो घसा खरवडल्यासारखा ओरडला आणि उडाला. उडाला तो पांढराशुभ्र! पंख, शेपटी, सगळं पांढरं. पन्नास फुटांवर उतरला, पंख मिटले आणि पुन्हा ढेकूळ. मी तिकडेच बघत होतो, तरी तो कुठे बसला ते शोधावं लागलं. तपकिरी रेघांच्या छाती-पाठीखाली तो ते पांढरं झाकून ठेवतो. वंचक हे नाव ज्याला सुचलं त्याने हेच पाहिलं असणार.

पावसाळ्यात, विणीच्या दिवसांत, तो आणखी एकदा फसवतो. पाठ गडद किरमिजी होते, डोक्यामागे लांब पांढरी पिसं येतात. मग लोक विचारतात, हा नवीन पक्षी कोणता आला?

दिवाळे, बेलापूर

आमच्या कोळीवाड्यात वंचक कुणी म्हणत नाही. आमचा तो 'काना बगला'. आमच्या बोलीत ण चा न होतो आणि ळ चा ल, पाणी ते पानी आणि डोळा तो डोला. म्हणून काणा बगळा हा आमच्याकडे काना बगला. काही ठिकाणी 'काना' असंच छापलेलं पाहून लोकांना कान आठवतो. कानाचा काही संबंध नाही, शब्द डोळ्याचा आहे. माणूस अगदी जवळ जाईपर्यंत हलत नाही, म्हणून म्हाताऱ्यांनी ठरवलं की याला दिसत नाही.

पण त्याच्याइतकं दिसतं कुणाला? आमच्या होडीच्या दोरावर एक बसतो. ओहोटीला खाली चिखलात निवट्या, म्हणजे चिखलात राहणारे छोटे मासे, उड्या मारत असतात. हा दहा-दहा मिनिटं पुतळा. निवटी टप्प्यात आली की मान एवढी लांब होते की आधी ती होती कुठे असा प्रश्न पडावा. निवटी गेली, मान परत खांद्यांत.

लेकीला अजून एक सांगा. पक्षी राहतो कुठे, तर 'खाडी' एवढंच लिहू नको. खाडी म्हणजे एक जागा नव्हे. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही. पुनव-अमावास्येच्या उधाणाला चिखल लांबवर उघडा पडतो, तेव्हा शेकाटे, तुतवार, कुदळ्या सगळे आत पांगतात. भरती आली की तेच पक्षी खाजणात, मिठागरांत, तळ्यांवर येतात. काना बगला तेव्हा तिवराच्या फांदीवर नाहीतर आमच्या दोरावर.

वाशी

बाईंचं अगदीच चूक नाही. बगळा हे घराण्याचं नाव आहे, गायबगळा, राखी बगळा त्यातलेच. पण 'झाड लिहा' म्हणून कुणी 'तिवर' खोडायला सांगत नाही, तसंच हेही खोडायला नको होतं.

मला मात्र वंचक पटत नाही. बगळ्याला आपण 'बकध्यान' म्हणून आधीच ढोंगी ठरवलंय, खेकड्याच्या गोष्टीतही तोच खलनायक. पोटासाठी गप्प उभं राहणाऱ्या पक्ष्यावर अजून एक आरोप कशाला? ढोकरी छान आहे. आणि ते वापरलं नाही तर त्याचं फ्लेमिंगोच्या 'रोहित' या मराठी नावासारखं होईल. 2015 साली अभयारण्य जाहीर झालं ते 'ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य' याच नावाने. 2022 मध्ये खाडी जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेली तेव्हाही सगळ्यांच्या तोंडी फ्लेमिंगोच. रोहित, अग्निपंख ही नावं पुस्तकातच राहिली.

ऐरोली

ढोकरी घराघरात बोलली जावी, हे मान्य. पण वंचक टाकू नका. आरोप चारित्र्यावर नाही, रंगावर आहे, आणि तो पंखांनी रोज सिद्ध करून दाखवतो.

कोपरी, ठाणे पूर्व

सगळ्यांचे मनापासून आभार. तुमची उत्तरं लेकीला वाचून दाखवली. कोल्ह्याचं दोनदा वाचायला लावलं तिने. आज सकाळी आम्ही दोघी नाल्यापाशी गेलो आणि तो उडेपर्यंत थांबलो. पंख उघडल्यावर ती ओरडलीच, "आई, हा आतून पांढरा आहे!"

नवा कागद तिने स्वतः लिहिला. नावाच्या रकान्यात 'ढोकरी', खाली 'वंचक असेही म्हणतात, दिवाळ्याला काना बगला'. 'कोठे राहतो' या रकान्यात आधी लिहिलेलं 'खाडी' खोडलं आणि लिहिलं: तिवराची फांदी, होडीचा दोर, खाजण, आमच्या नाल्याची भिंत. सासूबाई म्हणाल्या, बाईंना म्हणावं आता करा गोल. उद्या वही जाईल.