तीन मजली 'कण'?

शनिवारपेठी: दिवाळी अंकासाठी शनीच्या कड्यांवरचा लेख मराठीत आणतोय. 'पार्टिकल'ला सगळीकडे 'कण' लिहिलं. 'सेंटिमीटरपासून १० मीटरपर्यंतचे कण' या ओळीवर संपादकबाईंनी लाल रेघ मारली. म्हणाल्या, तीन मजली कण कधी बघितलाय का? काय लिहू?

खडीसाखर: बाईंना माझा पाठिंबा. कण म्हणजे कणी, कण्या. बर्फाचेच आहेत ना बहुतेक? मग खडे-धोंडे लिहा की.

अनुस्वार: आणि गुरूच्या कड्यात काय लिहायचं? तिथे मायक्रॉनभर, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढी, धूळ आहे. दोन्हीकडे चालेल असा शब्द 'कण'च. परिभाषेत शब्दाची मापं काढत बसू नये.

खडीसाखर: शनीवर मापंच तर काढलीत! कॅसिनी यानाने २००५ मध्ये तीन वेगवेगळ्या लांबीच्या रेडिओलहरी कड्यांतून पृथ्वीकडे सोडल्या. कुठली किती अडली त्यावरून कुठे बारीक माल आहे नि कुठे नाही, ते कळलं.

जुना कंपॉझिटर: लहरी नव्हे, तरंग. पाठ्यपुस्तकं बघा.

खडीसाखर: आम्ही प्रकाशलहरीच शिकलो. काही बिघडलं नाही.

शनिवारपेठी: बरं झालं विषय निघाला. 'डेन्सिटी वेव्ह'ला घनता-तरंग केलंय, पण 'बेंडिंग वेव्ह'ला? 'वाकण-तरंग' सुचला, तो मलाच कसातरी वाटतोय.

खडीसाखर: वाकण नागोठण्याच्या पुढे. पालीचा फाटा तिथेच 😀

अनुस्वार: आधी घडतं काय ते बघा. शनीचा चंद्र मिमास तीन फेऱ्या मारतो तेवढ्यात आतले कण पाच मारतात, म्हणजे ठरावीक जागी तेच हिसके पुन्हा पुन्हा बसतात. त्यातून दाट-विरळ पट्टे उठतात आणि मिमासच्या दिशेने बाहेर सरकतात. शिवाय मिमासची कक्षा जरा कललेली, त्यामुळे जवळच कडं वरखालीही हलतं. ती लाट मात्र आत, शनीकडे जाते. म्हणून एक 'दाटलाट', दुसरी 'डोललाट'.

जुना कंपॉझिटर: डोललाट! लावणी लिहिताय का? मुळात 'कड्यांवरचा लेख' हेच चूक. वाचकाला सह्याद्रीचे कडे वाटतील. 'वलय' लिहा. वळणे, वळसा, वलय, सगळं एकाच घरातलं.

खडीसाखर: कडं 'कटक'वरून आलंय, तेही खानदानीच. आणि कडे आहेतच तिथे! २००९ मध्ये शनीवरच्या विषुवाला ऊन अगदी तिरपं पडलं, तेव्हा 'बी' नावाच्या कड्याच्या बाहेरच्या काठावर अडीच किलोमीटरपर्यंत उंच सुळक्यांच्या सावल्या दिसल्या. एरवी त्या कड्यांची जाडी दहा-वीस मीटरच्या आसपास.

जुना कंपॉझिटर: म्हणजे 'कड्याच्या कडेचे कडे'. छापा.

शनिवारपेठी: मंडळी, 'कण' राहिला.

अनुस्वार: कटकवरून आठवलं, ओडिशातलं कटक म्हणजे छावणी. दोन्ही एकच शब्द का?

खडीसाखर: एकच. सैन्याचा वेढा गोलच पडतो की.

जुना कंपॉझिटर: असली व्युत्पत्ती कुणीही लावेल. आधार द्या.